सात दिव्यांची माडी

‘हात धुऊन ये, कोरडे करून ये, मगच रेशमाला बोट लाव.’

माणसाचा मी ऐकलेला पहिला आवाज हा. बेन्वा नावाचा विणकर आपल्या नव्या नवरीला सांगत होता, आणि माझ्या भिंतींचा चुना तेव्हा अजून ओला होता. मित्रांनो, ल्यों शहरातल्या क्र्वा-रूस टेकडीवर एक जुनं घर आहे. त्याच्या चौथ्या मजल्यावरची मी माडी. वय पावणेदोनशेच्या पुढे. सध्या मला विकायला काढलं आहे.

मला बांधलं ते माणसांच्या मापाने नव्हे, मागाच्या मापाने. रेशमाचा माग दोन पुरुष उंच, म्हणून माझं छतही तेवढंच उंच. रंग उजेडात पारखायचा, म्हणून खिडक्या कमरेपासून थेट तुळयांपर्यंत. माणसांच्या वाट्याला आला मागाच्या डोक्यावरचा लाकडी पोटमाळा. शिडीने वर चढायचं, वाकून बसायचं आणि धागे मोजता मोजता झोपी जायचं. पण त्या माणसांनी कधी कुरकुर केली नाही. बिशपांच्या अंगावरचे झगे, राण्यांच्या पलंगाचे पडदे माझ्याकडे विणले गेले, आणि विणणारी माणसं मात्र कांद्याचं सूप आणि लसणीची पात घातलेलं पांढरं चीज खाऊन तृप्त असत. दुपारचं ऊन ताणलेल्या धाग्यांवर पडलं की मला वाटे, माझ्या पोटात कुणी नदीच उभी करून ठेवली आहे. मागाच्या खटखटीची मला इतकी सवय झाली होती की रविवारी माग थांबला की मला चुकल्यासारखं व्हायचं.

या शहराचा एक नेम आहे. आठ डिसेंबरच्या संध्याकाळी मरियामातेसाठी घरोघरी खिडक्यांच्या बाहेरच्या कट्ट्यावर मेणाचे दिवे लावायचे, रंगीत काचेच्या छोट्या पेल्यांत. माझ्या खिडकीतही ते लागत. कधी तीन, कधी चार, घरात जेवढे पेले असतील तेवढे.

सातांचा नेम सुरू झाला तो आन्तोनँ जाकेमे या विणकरापासून. त्याचा धाकटा मुलगा ल्युसियँ चार वर्षांचा असताना घटसर्पाने अंथरुणाला खिळला. पोराचा श्वास मागाच्या आवाजातही ऐकू येई, इतका तो घरघरत होता. त्या संध्याकाळी आन्तोनँने माग थांबवला. शेजाऱ्यांकडून पेले मागून आणले, सात दिवे कट्ट्यावर ओळीने मांडले आणि गुडघे टेकून म्हणाला, ‘माउली, माझं पोर राहू दे. या घरातलं कुणीही जिवंत असेपर्यंत या खिडकीत सात दिवे लागतील.’ दहा वर्षांची फिलोमेन, ल्युसियँची बहीण, त्याच्या मागे उभी राहून हे ऐकत होती.

पोर राहिलं. पुढे दरवर्षी बाप त्याला खांद्यावर घेऊन दिवे मोजायला लावी. एक ते सात आकडे तो शिकला ते माझ्याच खिडकीत.

मग दिवस पालटले. गिरण्यांनी हातमाग मागे टाकले. आन्तोनँ गेल्यावर त्याचा माग सुटा करून दोरांनी खिडकीतून खाली सोडला, तेव्हा मी आतून एवढी मोठी झाले की माझीच मला भीती वाटली. फिलोमेनने लग्न केलं नाही. माझ्या एका कोपऱ्यात बसून ती चर्चमधली जुनी रेशमी वस्त्रं रफू करत राहिली. बाकी मी तशीच पडून. छत गळायचं, पोटमाळ्यावर कबुतरांचा संसार. शेवटी तिच्या गुडघ्यांनी चार मजल्यांशी भांडण काढलं, तेव्हा तिने मला एका बिल्डरला दिलं आणि याच घरात तळमजल्याची, अंगणाकडे तोंड असलेली एक खोली घेतली. जाताना तिने माझ्या भिंतीवर हात ठेवला.

मित्रांनो, त्यानंतर माझा जो थाट झाला तो काय सांगू. तुळया घासून मधासारख्या झाल्या. पोटमाळ्याला काचेचा कठडा आला आणि वर एवढा मोठा पलंग. चुलीपाशी संगमरवरी ओटा आला, तोही भिंतीला न टेकता मधोमध, नदीतल्या बेटासारखा. लोक येतात, मान वर करून छताकडे बघतात आणि हळू आवाजात बोलू लागतात, देवळात आल्यासारखे. जाहिरातीत माझं वर्णन आहे: ऐतिहासिक वस्तीतली प्रशस्त, प्रकाशमान माडी, खिडकीच्या दगडावर जुन्या काळाच्या अस्सल खुणा. त्या खुणा म्हणजे दिव्यांच्या काजळीची सात वर्तुळं. घासूनही गेली नाहीत, म्हणून बिल्डरने त्यांचे फोटो काढले. कौतुक कुणाला नको असतं? पण नटवून बसवलेल्या म्हातारीसारखी मी आपली गप्प बसून राहते. कुणी येतं, बघतं, जातं.

काम चालू होतं त्या वर्षांतही फिलोमेनने नेम चुकवला नव्हता. विटामातीच्या ढिगातून वाट काढत ती सात पेले घेऊन येई, आणि मजूर तिला हात देऊन वर घेत. यंदा मात्र मी कुलूपबंद आहे. किल्ली ओंदीनकडे असते. मला विकण्याचं काम या मुलीकडे आहे. ती नांत शहरातून नुकतीच इथे आली आहे, आणि तिच्या हातची ही पहिलीच विक्री.

सहा डिसेंबरला ओंदीन फरशी पुसून घेत होती, तेव्हा फिलोमेन काठी टेकत वर आली. चौऱ्याऐंशीचं वय, प्रत्येक मजल्यावर थांबत आलेली. दारातल्या पायरीवरच बसली.

‘मादाम जाकेमे, तुम्ही कशाला चढलात? मला निरोप द्यायचा.’

‘निरोप पोचवायलाही पाय माझेच लागतात, पोरी. परवाच्या दिव्यांचं बोलायला आले. आठ तारखेचं.’

ओंदीनने कपाळाला हात लावला. ‘इथे ज्योत पेटवायची नाही, असं बिल्डरने लिहून घेतलंय माझ्याकडून. धूर नको, मेण नको. आणि नेमके आठलाच, संध्याकाळी सहाला घेणारे यायचेत. शेवटचं बघायला.’

‘आठ डिसेंबरला? संध्याकाळी?’ फिलोमेन हसायला लागली. ‘अगं, त्या वेळी या टेकडीवर मांजरसुद्धा वर येऊ शकत नाही. सगळं शहर रस्त्यावर असतं. तुला कुणी सांगितलं नाही?’

‘मला वाटलं, चार दिवे असतील.’

‘चार दिवे म्हणे.’

‘हवं तर मी बॅटरीचे आणते. ना धूर, ना मेण.’

‘मग प्रार्थनाही बटण दाबूनच करू का? खिडकीवरच्या खुणा विकता, आणि दिव्यांना मनाई.’

ओंदीन फडका पिळत राहिली. तेव्हा फिलोमेनने काठीनेच समोरची टेकडी दाखवली. ‘ते पिवळं लांबट घर दिसतंय? वृद्धांचं आहे. माझा भाऊ ल्युसियँ तिथे असतो. मला ओळखत नाही हल्ली. परवा मलाच विचारलं, बाई, तुम्हाला कुणाला भेटायचंय? पण आठ तारखेला त्याची खुर्ची खिडकीशी ओढली की बोटाने या खिडकीतले दिवे मोजतो. सात झाले की शहाण्यासारखा झोपायला जातो. गेल्या वर्षी वाऱ्याने एक विझला. रात्रभर नर्सला म्हणत राहिला, आमच्या घरात कुणीतरी आजारी आहे.’

ओंदीन तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिचे हात ओले होते.

‘नर्स किती वाजता पडदा ओढते?’

‘सातला.’

‘मग असं करू. सहाला पाहुणे येतील, साडेसहाला जातील. ते गेले की मी खाली तुमच्याकडे येते, दिवे घेते आणि सातच्या आत लावते. शब्द देते तुम्हाला.’

‘दिवे बाहेरच्या दगडावर, सरळ ओळीत. आणि सकाळी मेण खरवडायला मी नाही येणार हं.’

‘तेही मीच करीन.’

‘बघ बाई. माझे गुडघे आता परत चढू देणार नाहीत. मी खाली दाराशी बसून राहीन.’

आज आठ तारीख. सहाला ओंदीन आली, माझे सगळे विजेचे दिवे लावले, टेबलावर फुलं ठेवली. सव्वासहाला तिचा फोन वाजला. घेणारे खालच्या चौकात अडकले होते. पोलिसांनी रस्ते बंद केलेत, पण आम्ही चालत येतोय, सातपर्यंत नक्की पोचतो, तुम्ही तिथेच थांबा, जाऊ नका. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ओंदीन ‘हो, हो’ म्हणाली.

ती खिडकीशी येऊन उभी राहिली. समोरच्या घरांतून एकेक कट्टा उजळत होता. लाल, निळे, पिवळे पेले. रस्त्यावरून माणसांची गुणगुण वर येत होती, दूरच्या प्रार्थनेसारखी. सगळी टेकडी पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसत होती, आणि त्यात माझीच खिडकी तेवढी रिकामी. घड्याळात साडेसहा झाले. मग सहा पस्तीस.

मित्रांनो, तुम्हीही कधी घर घ्याल. छत बघा, उजेड बघा, ओटा बघा, जरूर बघा. पण एवढं मात्र कुणाला तरी विचारा, की या खिडकीकडे लांबून कोण बघत बसतं. घराची डागडुजी गवंडी करतो. घराने दिलेला शब्द सांभाळणं त्याच्या हातात नसतं. ते काम राहणाऱ्याचं, नाहीतर ज्याच्या हाती किल्ली असेल त्याचं. मला भिंती आहेत, पाय नाहीत. मी नुसती वाट बघू शकते.

ओंदीनने आधी माझे विजेचे दिवे घालवले, म्हणजे लांबून खिडकी नीट दिसेल. खिडकीचं दार उघडून बाहेरचा दगड बाहीने पुसला. फोन पुन्हा वाजू लागला, तेव्हा तो तिने ओट्यावर पालथा ठेवला. दाराला कुलूप न लावता, नुसतं लोटून, कठड्याला धरून ती भराभर जिना उतरू लागली, तळमजल्याकडे.