माझी मी उतरन

"मला कुनी धरायचं न्हाई. माझी मी चढन आन् माझी मी उतरन. हे जमत आसंल तरच मला कारभाऱ्याच्या दारात न्या. न्हाईतर हितंच बरी हाय मी."

गुडघ्यांना तेल चोळून घेताना बनुबाईंनी सुनेला हे बजावलं होतं. नुसतं बजावून त्या थांबल्या नव्हत्या. आपला तेलकट हात पुढं करून त्यावर त्यांनी यमुनाचा हात ठेवून घेतला, आणि यमुनाने "नाही धरणार, आई" म्हटल्यावरच तो सोडला होता.

कारभारी म्हणजे बनुबाईंचा धाकटा भाऊ, राहायला राशीनला. आषाढात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. भाचा फोनवर सांगत होता, की बाकी काही कळत नाही पण 'आक्का' एवढं तेवढं स्पष्ट म्हणतो. तेव्हापासून बनुबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. जायचं तर होतंच. पण कसं जायचं, इथं सगळं अडून बसलं होतं.

कारण मागच्या उन्हाळ्यात मिरजगावला एका लग्नाला त्यांना जीपसारख्या उंच गाडीतून नेलं होतं. पाय काही पायरीवर चढेना. मग मांडवातल्या दोघा गड्यांनी पुढं होऊन त्यांना उचलून आत बसवलं. लुगडं पार गुडघ्याच्या वर सरकलं. वऱ्हाडी बघत होते, कुणीतरी हसलंही. त्या दिवसापासून बनुबाईंनी केडगावच्या आपल्या घराची पायरी ओलांडली नाही. देवळातसुद्धा नाही.

त्यांचा मुलगा रंगनाथ ड्रायव्हर. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं. कारखान्याच्या गाड्या बदलत गेल्या, चेअरमनही बदलले, स्टिअरिंगवरचा रंगनाथ तोच राहिला. मागं बसलेल्या साहेबाच्या हातातला चहा डुचमळला नाही पाहिजे, ही त्याची परीक्षा होती आणि तो रोज तिच्यात पास व्हायचा. निवृत्त झाला तसं त्याने ठरवून टाकलं, आईला मामाच्या दारात साहेबासारखी नेऊन उतरवायची. उंच गाडी नको, तिथं उचलावं लागतं. लहान गाडी नको, तिच्यात खड्डा थेट मणक्यात जातो. लांब, मऊ, बड्या लोकांची असते तशी गाडी हवी. तसली नवी घ्यायची आपली ऐपत नाही, पण कुणीतरी वापरून काढलेली फंडाच्या पैशांत बसू शकते, असा त्याचा हिशेब होता. शेजारच्या गोरक्षने विचारलं, "एवढी मोठी गाडी घेताय तर ड्रायव्हर कोण ठेवणार, रंगनाथराव?" त्यावर तो म्हणाला, "हाय की घरात एक. बिनपगारी."

पुणे रस्त्याला जुन्या गाड्यांचं एक मोठं आवार होतं. तिथला ओंकार नावाचा पोरगा रोज मोबाईलवर फोटो धाडायचा. शेवटी दोन गाड्यांवर येऊन गाडं थांबलं. एक काळी, जर्मन. दुसरी पांढरी, जपानी. किंमत जवळजवळ सारखीच. बुधवारी रात्री ओंकारचा फोन आला, काळीला श्रीरामपूरचं गिऱ्हाईक शुक्रवारी येतंय, काका, उद्याच या.

उद्या गुरुवार. यमुनाचं गुरुवारी मौन असे. रविराज, त्यांचा मुलगा, लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा तिने ते धरलं, तो बरा झाला, आता पुण्यात नोकरीला लागला, तरी तिने सोडलं नव्हतं. सकाळी पोथीचा अध्याय वाचून झाला की तोंड मिटायचं, ते संध्याकाळी देवापुढं दिवा लागेपर्यंत. खाणाखुणाही करायच्या नाहीत, लिहूनही दाखवायचं नाही, अशी तिची तिनेच घालून घेतलेली शिस्त. तिच्या मते हात बोलायला लागले तर मग तोंडाने काय पाप केलंय.

रंगनाथला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, "गुरुवारचीच ये तू. भाव करताना मधी बोलणार नाहीस." यमुना हसली. तिच्या नवऱ्याच्या असल्या बोलण्यात कधी काटा नसायचा.

आवारात शिरल्या शिरल्या ओंकारने काळ्या गाडीवरचं कापड ओढून काढलं. रंगनाथ जागच्या जागी उभा राहिला. शेवटच्या चेअरमनकडे अगदी हीच गाडी होती, हाच रंग. तिला धुताना, पुसताना, रात्री शेडमध्ये लावताना तिच्या दारावर आपला हात किती वेळ रेंगाळायचा, हे त्याने एकदा यमुनाला सांगितलं होतं. आता तो तिच्याभोवती हळूहळू फिरला. मग सवयीने त्याने मागचं दार उघडलं आणि अदबीने बाजूला उभा राहिला. ओंकार गोंधळून म्हणाला, "काका, तुम्ही बसायचंय. मी नाही." रंगनाथ ओशाळला आणि तिघंही हसले, यमुना आवाज न करता.

मग त्याने गाडी चालवून पाहिली. परत आला तो चेहरा उजळूनच. इंजिन ऐकू येत नाही म्हणाला. खड्ड्यातून नेली तर खड्डा कुठं गेला कळेना म्हणाला. आई अशी झोपंल की राशीन आल्यावर उठवावी लागंल. पांढरीकडे त्याने नुसती नजर टाकली. ती एका हॉटेलची होती, पाहुण्यांना आणायला-सोडायला वापरलेली. जास्त पळालेली, डाव्या अंगाला ओरखडा, गाणी लावायचं यंत्र बंद. "म्हातारी दिसते," तो म्हणाला. ओंकारने कच्ची पावती करायला घेतली. रंगनाथने विसाराचे पैसे काढायला खिशात हात घातला आणि बायकोकडे पाहिलं. ती गप्प होती. त्याला तो होकार वाटला. गुरुवारी ती गप्पच असते, हे त्या घटकेला तो साफ विसरून गेला होता.

यमुना मात्र काळीच्या मागच्या दाराकडे बघत होती. दार सुरेख होतं. पण छप्पर मागं उतरतं होतं आणि सीट जमिनीच्या इतकी जवळ, की आत बसणारा माणूस खाली खाली जातच राहावा. रोज सकाळी ती बनुबाईंना खाटेवरून उठताना पाहत होती. कुठला गुडघा आधी पुढं येतो, कुठला हात कशाला शोधतो, दम कुठं लागतो, सगळं तिला पाठ होतं. या सीटवरून त्या उठणार नाहीत. मामाच्या दारात, सगळ्या भावकीसमोर, दोघा जणांना त्यांना ओढून काढावं लागेल. आणि आपला शब्द तेलात बुडवून घेतलेला आहे.

एक शब्द बोललं की झालं असतं. तिच्या जिभेवर आलाही. पण इतक्या वर्षांचा नेम एका गाडीसाठी मोडायला तिचं मन होईना. गाडीत बसून उठणं ही मात्र काही खूण नव्हे. तिने डोळे मिटले, मनातल्या मनात सासूची क्षमा मागितली आणि पदर खोचला.

कोपऱ्यात कुणाची तरी छत्री टेकवून ठेवली होती. ती तिने उचलली, काठीसारखी धरली आणि कंबरेतून वाकली. एक पाय जरा ओढत, अगदी बनुबाई चालतात तशी, ती काळ्या गाडीपाशी गेली. दाराला हात लावून थांबली. पाठ फिरवून, डावा हात मागं चाचपडत, ती सीटवर बसली. बसली कसली, धपकन आत गेली. मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

ओंकार खुशीत म्हणाला, "काकूंना पसंत पडलेली दिसतेय."

यमुना थोडा वेळ बसून राहिली. मग तिने पाय बाहेर काढले, छत्री टेकवली आणि उठायला गेली. कंबर सीटपासून चार बोटं वर आली आणि परत खाली बसली. पुन्हा एकदा. पुन्हा तेच. तिच्या कपाळावर खरोखरचा घाम आला होता, कारण बनुबाईंसारखं उठायचं म्हणजे गुडघ्यांवर जोर द्यायचा नाही, आणि तसं उठताना किती कष्ट पडतात हे तिलाही आजच कळत होतं.

रंगनाथ आधी हसायला लागला होता. "आगं, काय चाललंय तुझं," असं म्हणत तो पुढं आला आणि त्याने सहज हात दिला. "आपण धरू की आईला. दोघं हायेत आपण."

यमुनाने तो हात घेतला नाही. आपले दोन्ही हात तिने मांडीवर मिटून घेतले आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बनुबाई लग्नाहून परत येताना खिडकीतून बघत होत्या तसं, जरा बाजूला, कुणाच्याच नजरेला नजर न देता.

रंगनाथचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्याने तो मागं घेतला.

ओंकारला काही कळेना. त्याने विचारलं की काकूंची तब्येत बरी आहे ना. रंगनाथने विसाराचं पाकीट खिशात परत ठेवलं, पांढऱ्या गाडीपाशी गेला आणि तिचं मागचं दार उघडून उभा राहिला. या वेळी सवयीने नाही.

यमुना काळीतून कशीबशी बाहेर आली आणि छत्री टेकत पांढरीकडे गेली. हिची सीट खाटेच्या उंचीची होती. दार पार रुंद उघडत होतं. आत वर धरायला एक कडी होती, आणि किती पाहुण्यांच्या हातांनी ती घासली गेली होती कोण जाणे, तिच्यावरचा रंग उडाला होता. ती बसली. पाय आत घेतले. बाहेर काढले. हात कडीवर गेला, तिने श्वास घेतला आणि ती उठून उभी राहिली. पहिल्याच खेपेला.

रंगनाथने पुन्हा बसायची खूण केली. ती पुन्हा बसली आणि उठली. मग त्याने तिला उठवलं आणि स्वतः तसाच बसून, तशीच छत्री घेऊन, उठून पाहिलं. आवारातले दोघं-तिघं काम सोडून बघायला लागले होते. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पांढरी चालवून आल्यावर तो ओंकारला एवढंच म्हणाला, "हिला मऊपणा कमी हाय. पण हळू चालवली तर चहा सांडणार नाही."

निघताना मात्र त्याने काळीच्या दारावरून एकदा तळहात फिरवला. यमुनाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

संध्याकाळी देवापुढं दिवा लागला. नमस्कार करून ती वळली तर रंगनाथ उंबऱ्यापाशी येऊन बसला होता, शाळेतल्या पोरासारखा. त्याला वाटलं, आता दिवसभराचं साठलेलं ऐकावं लागणार. ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ती काळी फार मनात भरली होती ना तुमच्या?"

"भरली तर होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तू आईसारखी बसलीस आन् हात मिटून घेतलेस ना, तवा मला मिरजगावचा मांडवच दिसला बघ. मी तर हात द्यायला निघालो हुतो."

"तुम्ही आईंचा मुलगा आहात. हात पुढं जाणारच."

"तू तेवढं आईला सांगू नको, नक्कल केलीस ते."

ते तिने आधीच ठरवलं होतं. पण बनुबाईंना त्याशिवायच बरंचसं कळत असावं. गाडी दारात आली त्या दिवशी यमुनाने तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बनुबाई काठी टेकत बाहेर आल्या, किती तरी दिवसांनी पायरी उतरून. गाडी कुणाची, केवढ्याला, कुठल्या कंपनीची, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मागचं दार उघडायला लावलं आणि बसून पाहिलं. उठताना पहिल्यांदा त्या मध्येच अडकल्या. यमुनाचा हात आपोआप पुढं गेला. बनुबाईंनी नुसती मान वर केली, आणि तो हात तिने पदराखाली घेतला. दुसऱ्यांदा बनुबाईंना कडी सापडली. त्या उभ्या राहिल्या, धापा टाकत, पण आपल्या पायांवर. लुगड्याचा काठ घोट्यापाशी जिथल्या तिथं होता.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे बघून, "माझ्या गुडघ्याच्या मापाची बरी गावली गं तुला ही."

यमुनाने काही उत्तर दिलं नाही, आणि तो काही गुरुवार नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बनुबाई जरीकाठी लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. भावासाठी त्यांनी एकच वस्तू बरोबर घेतली होती, गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली. त्याच्या गेलेल्या हाताला त्या स्वतः चोळणार होत्या. त्या गाडीत बसल्या, एकट्या. पाय आत घेतले, एकट्यांनी. यमुना पलीकडच्या दाराने येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तिने ती बाटली मागून घेतली. आई, मी धरते, सांडायची. बनुबाईंनी ती दिली.

यमुनाने बाटली दोन्ही हातांत घट्ट धरली आणि मांडीवर ठेवली. राशीनच्या दारात गाडी थांबेल, भावकी गोळा होईल, तेव्हा हे हात असेच गुंतलेले असायला हवेत.

रंगनाथने आरशात एकदा मागं पाहिलं, हॉर्न न वाजवता गाडी गल्लीतून काढली आणि बायपासकडे वळवली, हळू, हातातलं तेल डुचमळणार नाही इतकी हळू.