कोपरा नसलेली खोली

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. सूर्यभान गुरुजींनी लग्न बाविसाव्या वर्षीच करून पाहिलं. घर मात्र पासष्टीपर्यंत कागदावरच बांधत राहिले. अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खाकी कव्हर घातलेल्या सदतीस वह्या होत्या आणि वहीवहीत मातीची घरं. धुमसानं ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या गोल भिंती, वर विटांचा घुमट, ना सळई ना स्लॅब. जन्मभर गणित शिकवलं, पण जीव जडला तो घुमटांवर. मळलेल्या कणकेचाही ते घुमट करून बघत, आणि बायको कौशल्याबाई तो सरळ लाटून टाकत.

"गोल भिंतीले अलमारी टेकन कशी? देव कोन्या कोपऱ्यात बसवू? कुरड्या वाळवाले गच्ची कोठी हाय?" हे तीन प्रश्न बाईंनी फेकले की गुरुजी नवी वही आणत.

शेवटी बाईंनीच तुकडा पाडला. त्यांच्या भावाला, देवमनला, मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात बसायउठायला खोली हवी होती. "तथी बांधा तुमचा घुमट," बाई म्हणाल्या. "मे महिन्यातली एक दुपार मी त्यात काढीन. पसंत पडला तं आपल्या प्लॉटवर असंच घर. नाई पडला तं सदतीसही वह्या रद्दीत. मंजूर?"

गुरुजी मंजूर म्हणाले आणि त्याच आठवड्यात मोर्शीला निघाले.

पहिली भिंत त्यांनी काळ्या मातीची ठोकली. कुठल्याही गवंड्यानं त्यांचा हात धरला असता. पण गुरुजी पडले वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे पोर, काळ्या मातीहून भारी माती जगात नाही हे त्यांनी पाळण्यातच ऐकलेलं. पंधरा दिवसांच्या उन्हात भिंत अशी उलली, की पलीकडचा देवमन फटीतून "राम राम भाऊजी" म्हणाला.

"काळीत पऱ्हाटी पेराची असते, भाऊजी," देवमनची बायको पार्बताबाई म्हणाली. "घराले पांढरी माती लागते. माह्या आंगठेबहाद्दर सासूलेही ठाऊक होतं."

गुरुजींनी मान खाली घालून हे वहीत लिहून घेतलं. भिंत पाडली, गावातली पांढरी माती आणली, तिच्यात मुरूम आणि चुना कालवला आणि पुन्हा थरावर थर ठोकायला घेतले. एप्रिलअखेर घुमट उभा राहिला. बगीच्यात येणाराजाणारा विचारी, "कोन्या देवाचं मंदिर व्हय?" एक म्हातारी तर उंबऱ्याशी नारळ ठेवून गेली.

मग ती दुपार आली. बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा पाय टेकवेना. पातोड्याची भाजी नि भाकर पोटभर जेवून गुरुजी आत एका भिंतीशी चटईवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. डोळे मिटले, पण झोप कशाची येते! आज निकाल. समोरच्या भिंतीला पाठ टेकून नणंद-भावजया बसल्या आणि गुरुजी झोपलेसं पाहून कुजबुजू लागल्या.

आणि गुरुजींच्या कानाशी, अगदी उशीत बसून बोलावं तसं, बायकोचं कुजबुजणं गोल भिंतीवरून सरकत आलं. घुमटाची ही करामत वही नंबर अकरामध्ये होती, पण बाईंनी ती वही कुठे वाचली होती!

"गार हाय व वयनी. आमच्या कूलरपरीस गार."

गुरुजींनी कान भिंतीच्या आणखी जवळ नेला.

"मंग सांगून टाका ना बाई, पसंत हाय म्हनून."

"सांगतलं असतं. पन घर झालं का वह्या बंद. मंग हा मानूस दिवसभर माह्या चुलीपाशी उभा राहून भाजीत मीठ किती ते सांगन."

"मंग नापसंत म्हना."

"थेही जमत नाई. वह्या गेल्या तं सुकून जाईन तो. अन् रद्दीत देनार हाय का मी? सदतीस वह्याइले कव्हरं कोनं घातले?"

वह्यांना कव्हरं आपोआप चढतात, असंच गुरुजींना इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते झोपेतल्यासारखं हात फिरवून पुसलं.

"मी म्हनीन, देवाले कोपरा नाई. थो काढा, मंग पाहू," बाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी गुरुजींना हलवलं. "अवो, उठा. घर बरं हाय. पन देवाले कोपरा नाई. अजून थोडं डोकं चालवा."

गुरुजी उठून बसले. पडलेलं तोंड करायला हवं होतं, पण हसूच आवरेना.

"हासून काहून राहिले?"

"काई नाई. जाता जाता खाकी कागद घेऊ. अडतिसाव्या वहीले कव्हर लागन ना."

बाई जागच्या जागी थिजल्या. आधी त्यांनी पार्बताबाईकडे पाहिलं, मग वर घुमटाकडे. पार्बताबाई पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली.

 बाई परत आपल्या जागी जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाल्या, "देव्हारा उगवतीकडं ठेवजा. अन् गच्ची पाह्यजेच."

समोरच्या भिंतीशी गुरुजींनी तोवर पेन्सिलीला टोक काढलं होतं.