डाव्या बाजूचा एल

मी एक 'एल' आहे. शिशाचा, बोटाच्या पेराएवढा, प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेला. एक्स-रे काढताना शरीराच्या डाव्या बाजूला मला ठेवायचं. किरण शिशातून जात नाहीत, म्हणून फोटोत मी पांढरा उमटतो आणि डॉक्टरांना सांगतो, ही डावी बाजू. आयुष्यभर एवढं एकच बोलत आलो. त्याहून जास्त आज पहिल्यांदाच बोलतोय.

माझी मालकीण एक्स-रे टेक्निशियन. दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. पेशंट सिस्टर म्हणत, आणि 'मी सिस्टर नाही' हे सांगून सांगून थकल्यावर तिने तेही चालवून घेतलं होतं. नोकरी लागली त्याच आठवड्यात तिने मला आणि माझा जोडीदार 'आर' याला बनवून घेतलं. सोळा वर्षं मी तिच्या कोटाच्या खिशात राहिलो, किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी. ताईचा हात हलका होता. मोडलेला पाय उचलताना ती पेशंटला मुलाबाळांबद्दल विचारायची, आणि त्याचं सांगून व्हायच्या आत पाय जागेवर गेलेला असायचा.

'आर' एकदा कोटाबरोबर धुण्यात गेला तो गेलाच. उजव्या बाजूचं अक्षर ताई मग संगणकावरच टाकू लागली. सवय अशीच लागते.

एका दुपारी अपघातातला बसचालक आणला. बेशुद्ध, ओठ निळे पडलेले. ताई फिरतं मशीन घेऊन धावली. किरणांपासून बचावाचा जड एप्रन चढवला आणि मग मला घ्यायला हात नेला, तर खिसा एप्रनखाली. तिची बोटं वरून चाचपडत होती. डॉक्टर घाई करत होते. नंतर संगणकावर टाकते, असं ती पुटपुटली.

घाईत पाठीखालची फोटोची प्लेट उलटी लागली होती. फोटो आरशातल्यासारखा आला, आणि ताईने अक्षर टाकलं ते चुकीच्या बाजूला. फुप्फुस फुटलं होतं डावं. हवा काढायची नळी घातली गेली उजवीकडे. चूक लक्षात आली तोवर उशीर झाला होता. चालक तिसऱ्या दिवशी गेला.

त्याच्या बायकोने ताईला व्हरांड्यात गाठलं. "सिस्टर, फोटो तुम्हीच काढलात ना? नीट आला होता?"

ताईचा हात खिशात आला. तिने मला मुठीत घट्ट आवळलं.

"हो," ती म्हणाली. "नीट आला होता."

चौकशीत मात्र तिने सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनीही छाती तपासायला हवी होती, जखमा तशाही जबर होत्या, असं ठरलं. तिला ताकीद मिळाली. चालकाच्या घरच्यांना 'गुंतागुंत झाली' एवढंच कळवलं.

त्यानंतर ताईचा हात हलका राहिला नाही. एकेका फोटोला ती तीनतीनदा बाजू पाहायची. बाहेर रांग तुंबायची. दवाखान्याच्या संगणक विभागाला एक्स-रे कळणारं माणूस हवं होतं. ताई रोज पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणकाचं काम शिकली आणि तिथे गेली. नवऱ्याला बरं वाटलं, आता उभं राहणं नाही, किरण नाहीत. सगळे बढती समजून अभिनंदन करत होते. ती मान डोलवत होती. शेवटच्या दिवशी तिने एक्स-रेच्या टेबलावर धुतलेली चादर घातली, चारी कोपरे नीट खोचले आणि मागे न बघता जिना चढली.

वरच्या मजल्यावर पेशंट नव्हते, त्यांचे नंबर होते. कित्येक महिने ताई तिथे परक्यासारखी वावरली. तिने एकच हट्ट धरला: ज्या फोटोत शिशाचं अक्षर नाही, तो संगणकाने तिथेच अडवावा आणि माणसाने पुन्हा बाजू तपासल्याशिवाय पुढे सोडू नये.

"ताई, दिवसाला चारशे फोटो," विभागप्रमुख म्हणाले. "सगळे आपल्या नावाने ओरडतील."

"ओरडू देत," ती म्हणाली.

पावणेदोन वर्षं लागली. जुने सहकारी तिच्याशी बोलेनासे झाले. खुर्ची मिळाली नि आम्हाला विसरली, असं त्यांचं म्हणणं. ही सोय सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी एकतीस फोटो अडले. त्यातले दोन उलटे होते. ताई प्रसाधनगृहात जाऊन मला हातात धरून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी ती पत्ता शोधत चालकाच्या घरी गेली. त्याची बायको इस्त्री करत होती. ताईने उभ्याउभ्याच सांगितलं, "फोटो नीट आला नव्हता. मी खोटं बोलले." मग काय घडलं ते सगळं, काही न लपवता.

बाईने इस्त्री बाजूला ठेवली. 

"माझ्या भावाने त्यांना ओढून बसबाहेर काढलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यानेच चुकीचं धरलं असेल, बरगडी आत घुसली असेल. तीन वर्षं मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि चपला घातल्या.

"तुम्हाला माफ करता येईल का, माहीत नाही. पण आत्ता माझ्याबरोबर चला. हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे."

दोघी चालत गेल्या. भावाने दार उघडलं, बहिणीला पाहिलं आणि आत या म्हणायचंही त्याला सुचलं नाही. ताईचं सांगून झालं तेव्हा तो पायरीवर खाली बसला. बहीण त्याच्याशेजारी बसली. ताई एकटी परत आली.

आता मी तिच्या टेबलाच्या खणात असतो. माझ्या कडा झिजल्यात, प्लास्टिकला तडा गेलाय. माझं काम संपलं, त्याचं वाईट वाटत नाही. एकच सांगतो. कधी एक्स-रे काढायला गेलात आणि आतल्या माणसाने दोनदा विचारलं, 'डावा की उजवा?', तर चिडू नका. दोन्ही वेळा सांगा.