मला चालूच सोपवत असत

मित्रांनो, ओळख करून देताना सगळे छाती पुढे काढतात. मला मात्र झाकण मिटून घ्यावेसे वाटते. मी एक जुना लॅपटॉप आहे, जपानमधल्या एका बंदरगावातल्या मिनामी आळीच्या मंडळाचा. माझे सुरू करायचे बटण मोडले होते. त्याची लाज मला फारशी वाटत नाही. वस्तू म्हटली की कधीतरी मोडायचीच. त्या बटणापायी चांगली चांगली माणसे कशी वागली आणि मी मुकाट बघत राहिलो, याची लाज वाटते.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा रुबाब काय सांगावा! आळीने वर्गणी काढून मला घेतले होते. मंडळाचे काम आमच्याकडे पाळीपाळीने घरोघरी फिरते. एप्रिल आला की जुन्या घराने मला चौकोनी कापडात बांधायचे आणि नव्या घरी पोचवायचे. कचरा उचलण्याचे वार, सभेच्या सूचना, उन्हाळ्यात पितरांच्या सणाला आळी नाचते त्या नाचाची गाणी, सगळे माझ्याच पोटात.

मग पाळी आली टोफूचे दुकान चालवणाऱ्या कुवाबारा वहिनींची. त्यांचे हात कायम ओले आणि जिवाला कायम घाई. एके सकाळी मी उठायला जरा वेळ लावला.

"ऊठ की रे मेल्या!" म्हणत त्यांनी अंगठ्याने असे दाबले की आत कट्ट झाले आणि बटण खोबणीत बुडाले. वहिनी हबकल्या. त्यांनी आधी दाराकडे पाहिले, मग केसातला आकडा काढून खोबणीत खुपसला. मी सुरू झालो. त्या दिवसापासून त्यांनी मला बंदच केले नाही. नुसते झाकण मिटायचे. उघडले की मी जागा. एप्रिलमध्ये त्यांनी मला तसाच, गरम गरम, नाकाई शिंप्याच्या हाती दिला.

"बंद करत बसू नका हं, भावजी. असाच सोयीचा पडतो."

मला वाटले, माझ्यावाचून आळीचे पान हलत नाही म्हणूनच हे मला झोपू देत नाहीत. केवढा माझा भाबडेपणा!

वादळात रात्रभर वीज गेली, माझी बॅटरीही संपली आणि नाकाईच्या घरी मी विझलो. त्याने बटण दाबायला बोट नेले, तर बटण जागेवर नाही. "मेलो! माझ्याच घरात मोडायचा होता का?" असे पुटपुटत त्याने मासे भाजायच्या बांबूच्या काडीने मला टोचून उठवले आणि पुढच्या एप्रिलमध्ये चालूच ठेवून मियोशी गुरुजींकडे पोचवले. गुरुजींनी उभी हयात मुलांना शिकवले होते, की चूक झाली तर हात वर करून सांगावे. त्यांच्याकडे मी एकदा आपला आपण बंद पडलो. गुरुजींनी कंपासचे टोक वापरले आणि हात काही वर केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गंमत अशी की दोघांनाही वाटत होते, आपल्याच हातून मोडला. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला तोंड कुठे?

यानंतर मी तोमीए आजीकडे आलो. मंडळाने तिची पाळी वय बघून मागे टाळली होती. या वेळी ती सभेत भांडली होती. "हातपाय चालतायत माझे. ज्यांना सांभाळायचं, त्यांच्यात मला आत्ताच ढकलू नका." तिची सून चिहारु घरी कुरकुरली, "आई, कशाला ओढवून घेताय? जमलं नाही तर आळीत नाचक्की व्हायची." पण आजीने जमवले. एका बोटाने टंकून तिने अशा मोठ्या अक्षरांत सूचना काढल्या की लोक म्हणाले, यंदा चष्मा लागला नाही.

फक्त तिला एक सवय होती. "कोणी बघत नसताना वीज जाळायची? पाप लागेल," असे म्हणून तिने एका संध्याकाळी मला रीतसर बंद केले.

सकाळी तिचे बोट रिकाम्या खोबणीत गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला पुसले, गोंजारले, माझीच माफी मागितली. मग सुनेला न सांगता तिने योकानच्या, म्हणजे लाल घेवड्याच्या गोड वड्यांच्या, तीन पेट्या आणल्या, मला कापडात बांधले आणि माझ्या आधीच्या तिन्ही घरी माफी मागायला निघाली. बंद असलो तरी मला ऐकू येत होते.

"तुम्ही सगळ्यांनी इतका नीट सांभाळलात," दारात कमरेपर्यंत वाकून ती म्हणाली, "आणि माझ्या हातात येताच मोडला."

कुवाबारा वहिनींनी ओले हात पुसले. आता बोलतील, आता बोलतील, असे मला वाटले.

"अहो आजी, वय झालं की होतं असं," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी पेटी घेतली.

नाकाई म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका," आणि पेटी घेतली. गुरुजींनी तर तिचे कौतुक केले. "चूक कबूल करायला धैर्य लागतं, आजी!" त्यांनीही पेटी घेतली. मित्रांनो, धरणीने दुभंगून मला पोटात घ्यावे असे तेव्हा वाटले.

नाच जवळ आला आणि गुरुजींच्या घरी सभा बसली. गुरुजींच्या पत्नीला बिचारीला काहीच माहीत नव्हते. घरात आलेले योकान कापून तिने चहाबरोबर सगळ्यांपुढे ठेवले. आजीने आपल्या वड्या ओळखल्या आणि बशी हळूच बाजूला सारली. मग तिने चटईवर कपाळ टेकले.

"लॅपटॉप माझ्या हातून मोडला. नाचाची गाणी त्यातच अडकलीत. माझी पाळी दुसऱ्या कुणाला द्या. यापुढे माझं नावच घालू नका."

चिहारु मान खाली घालून बसली होती. नाकाईच्या तोंडात वडी होती. ती गिळवेना आणि थुंकवेना. तो खोकला, पाणी प्याला.

"आजी, डोकं वर करा. तो माझ्याकडे मोडला."

"काहीतरीच काय!" गुरुजी उसळले. "माझ्याकडे मोडला तो!"

"गुरुजी, उगाच मोठेपणा घेऊ नका. मी काडीने चालू करत होतो."

"आणि मी कंपासने!"

"म्हणून कंपास जेवणाच्या टेबलावर असायचा होय!" गुरुजींची पत्नी म्हणाली. मागे कोणीतरी फस्सकन हसले. तेवढ्यात कुवाबारा वहिनी रडायलाच लागल्या.

"दोघांकडेही नाही. मी मोडला. आणि वर यांच्या वयावर बोट ठेवलं."

आजी सावकाश उठून बसली. आता ती हसेल, "असू दे" म्हणेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. कारण ती तशीच होती. पण ती हसली नाही.

"मला जेवण जात नव्हतं," ती म्हणाली. "सुनेच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. माझं डोकंच चालेनासं झालं, असं वाटत होतं मला."

चिहारु उठून सासूच्या शेजारी जाऊन बसली.

"पाळी माझीच राहील," आजी म्हणाली. "आणि एप्रिलमध्ये मी हा बंद करून देणार. काय मोडलंय ते सांगून."

मित्रांनो, वस्तू जपाच. पण तुमच्या हातून काही मोडलेच, तर त्याच दिवशी मोठ्याने सांगा. तुमच्या गप्प बसण्याचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातो. मला आता नवे बटण बसवले आहे. नुसते बोट टेकले तरी ते दाबले जाते. तरीही तोमीए आजी मला सुरू करण्याआधी हात पुसते, आणि बटण दाबताना चिहारुला शेजारी बोलावून घेते. आधी ती कुणाला बोलावत नसे.