वीस पावलं मागे

प्रमोदच्या डाव्या हातातला हार्नेसचा दांडा पुन्हा वळला. फर्नने फुटपाथच्या कडेशी थांबून मान मागे फिरवली होती. समोर माउंट रॉस्किल उपनगराचा गजबजलेला चौक, आणि त्याची गाइड डॉग रस्ता सोडून पाठीमागे बघत होती.

"फॉरवर्ड," तो म्हणाला. फर्न हलली नाही.

"आज तिसऱ्यांदा," शेजारी उभी असलेली ट्रेनर हेलन म्हणाली. "प्रमोद, तीन आठवडे झाले. तुमची जोडी जमत नसेल, तर मला तिला परत न्यावं लागेल. ते आजच ठरवायचंय."

दृष्टी गेल्यापासून दोन वर्षं तो बायकोचं, सुमेधाचं, कोपर धरून चालला होता. बँकेत, डेअरीवर दूध आणायला, केस कापायलासुद्धा. फर्न गेली की पुन्हा तेच कोपर. बावन्नाव्या वर्षी धडधाकट इंजिनिअरने बायकोचा हात धरून न्हाव्याकडे जायचं, याची त्याला मनस्वी चीड होती.

फर्न मागे का बघते, हे त्याला ठाऊक होतं. त्याची बाहेर पडायची वेळ झाली, की सुमेधाच्या बांगड्यांचा आवाज बंद व्हायचा. सव्वीस वर्षांत जिने आजारपणातही हात मोकळे ठेवले नव्हते, ती हल्ली रोज नऊच्या सुमारास बांगड्या उतरवायची, चपलांऐवजी रबरी बूट चढवायची आणि वीस पावलं मागून चोरासारखी यायची. नवऱ्याला कळू नये म्हणून एवढा खटाटोप. कुत्रीला मात्र वास पुरत होता.

"सुमेधा," तो मागे न वळता म्हणाला, "घरी जा."

मागे रबरी बूट जागीच थबकले.

"अहो, मी भाजीला निघालेय."

"भाजीला तू पापाटोएटोच्या बाजारात जातेस. तेही शनिवारी."

"इथे बस फार जोरात येतात हो."

"येतात त्या ऐकू मला. जा तू."

रबरी बुटांची पावलं आता लपत नव्हती. ती लांब गेली, मग ऐकू येईनाशी झाली. फर्नची मान सरळ झाली. गाड्या थांबल्या, पादचाऱ्यांच्या सिग्नलची टकटक सुरू झाली.

"फॉरवर्ड."

दांडा पुन्हा वळला.

"मागे आता कुणीच नाही," हेलन हळूच म्हणाली.

प्रमोदने उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट चाचपलं. ते ताठ झालं होतं, आणि दांडा मागे खेचून धरत होतं. आत्ता, या क्षणीसुद्धा. त्याचे कान अजून त्या पावलांचा माग काढत होते. तो भयंकर घाबरला होता, आणि तीन आठवडे ही भीती त्याने कुत्रीच्या नावावर खपवली होती.

टकटक थांबली. गाड्या सुटल्या.

"सिग्नल पुन्हा मिळाला की जातो," तो म्हणाला.

त्याने दांड्यावरचं एकेक बोट सैल केलं. टकटक पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द जेमतेम फुटला, पण फर्नने तो ऐकला आणि ती रस्त्यावर उतरली.