आप्पांच्या वळणावरचा चिरा

मित्रांनो, या, असे जवळ या. मी चिरा आहे, खानापूरच्या बाजूचा जांभा दगड. रंगानं तांबडा, अंगभर बारीक भोकं आणि स्वभावानं जरा फुगीर. काळ्या दगडाची देवळं होतात म्हणून तो मिरवतो. मिरवू दे बापडा. पावसाळ्यात माझ्या अंगावर जसं हिरवंगार शेवाळ धरतं, तसं त्याच्या अंगावर धरलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मातीखाली होतो तेव्हा मी चांगला मऊ होतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वर झाडांची मुळं, भोवती ओल आणि मी अर्धवट झोपेत. किती काळ गेला कुणाला ठाऊक. मग खाणीवरच्या भरमूनं टिकावानं कापून मला वर काढलं. ऊन लागलं, वारा लागला आणि मी हळूहळू टणक होत गेलो. आम्हा चिऱ्यांचं असंच असतं. उघड्यावर राहिलो की आम्ही घट्ट होतो.

बैलगाडीतून मला इथं आणलं ते भावकू आप्पांनी. तेव्हा ते आप्पा नव्हते, नुसते भावकू होते, नुकतंच लग्न झालेले. अंगणाची ही कंबरेएवढी भिंत त्यांनी स्वतःच्या हातानं रचली. दारापासून निघते, तुळशीजवळून जाते आणि इथं माझ्यापाशी गोठ्याकडं वळते. एकेक चिरा हातात फिरवून, त्याचं चांगलं तोंड बाहेर येईल असाच ते बसवायचे. माझ्या तोंडावर खोल खळगा आहे. हा बाद दगड मागं टाका, असं त्यांच्या बायकोनं, अक्काताईंनी सुचवलं होतं. लई राग आला होता मला. पण आप्पांनी ऐकलं न्हाय, मला वळणावरच बसवलं.

मग बरीच वर्षं सुखात गेली. सांध्यांतून नेचे उगवायचे, पाणी झिरपून जायचं, पाऊस सरला की मांजर येऊन माझ्यावर ऊन खात पडायचं. वाटेनं जाणारी माणसं भिंतीला टेकायची आणि आप्पांच्या हाताचं कौतुक करायची. मी आपला ऐकत ऐकत पेंगायचो. अक्काताई गेल्या, त्या वर्षी मात्र अंगण लई गप्प झालं.

पुढं आप्पांना काचबिंदू झाला आणि दिसायचं पार बंद झालं. तरी ते घरात बसून राहिले नाहीत. तळहात भिंतीवर ठेवायचा आणि चालू लागायचं. टवका उडालेला चिरा लागला की तुळस आली. माझ्या खळग्यात अंगठा बसला की वळायचं, पुढं गोठा. रोज सकाळ-संध्याकाळ म्हशीला वैरण तेच घालत. तेवढं एक काम त्यांनी कुणालाच दिलं नाही. ते इतके सहज चालायचे, की त्यांना दिसत नाही हेच घरातली माणसं विसरून गेली.

यंदा नातीचा, तेजस्वीचा साखरपुडा घरी ठरला. आप्पांचा मुलगा नागेंद्र बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कामाला. त्याची बायको नीलम हिनं बेळगावात बंगल्यांची नवी अंगणं बघितली होती. तिनं टाइला आणल्या आणि त्यांच्यावर दगडाचं चित्र छापलेलं. दगडावर दगडाचं चित्र! हसावं की रडावं मला कळेना. पण तिच्यावर रागावू नका. लेकीच्या सासरच्यांनी अंगणाला नावं ठेवू नयेत, एवढंच तिला हवं होतं. भिंत जरा नीट करून घेतो, असं तिनं आप्पांना सांगितलंही. करा की, म्हणाले ते.

यल्लाप्पा मिस्त्रीनं दुपारी वळणापासूनच काम धरलं. माझ्यावर गार चिकट थर आला, मग टाइल, मग काळोख. मला वाटलं, मी परत मातीत गेलो. मुळांचं, ओलीचं स्वप्न पडायला लागलं. मिस्त्री उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर टाकून घरी गेला.

दिवस मावळताना आप्पांचा हात भिंतीवरून येताना ऐकू आला. खरखर, खरखर आणि एकदम काहीच नाही. हात गुळगुळीत टाइलवर पुढं सरकला, मागं आला, परत पुढं गेला. म्हैस वैरणीसाठी ओरडत होती. आप्पा अंदाजानं दोन पावलं टाकायला गेले, टाइलांच्या ढिगाला अडखळले आणि खाली बसले. मी इथंच होतो, बोटभर अंतरावर, आणि मला काही करता येत नव्हतं. नीलम धावत आली.

"नीलम, मी कुणाच्या दारात आलोय गं?"

"आप्पा, आपल्याच अंगणात हाय न्हवं तुम्ही."

"मग माझी भिंत कुठं गेली?"

नीलमनं डोळे मिटले आणि आपला हात टाइलवरून फिरवून बघितला. मग त्यांना खाटेवर बसवून ती खुरपं घेऊन आली. थर अजून ओला होता, टाइला निघाल्या. माझा खळगा भरून गेला होता, तो ती खिळ्यानं कोरत बसली. नागेंद्र कामावरून आला आणि हे काय चाललंय म्हणून विचारायला लागला. साखरपुडा ह्याच भिंतीम्होरं हुईल, एवढंच ती म्हणाली. मग तोही बादलीभर पाणी घेऊन बसला.

साखरपुडा थाटात झाला. एका पाहुण्यानं भिंत जुनाट म्हटलीच. म्हणू दे.

मित्रांनो, जुना दगड जुना दिसणारच. त्याच्यावर झाडू फिरवा, सांधा सुटला तर भरा, त्याला हवा लागू द्या. पण झाकायचा किंवा उखडायचा म्हणाल, तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. कोण त्याच्या आधारानं चालतंय हे वरवर बघून कळत नाही.

बरं, आता जरा बाजूला व्हा. आप्पा येतायत, त्यांना वळायचंय.