लाल नेलपॉलिशची बाटली

"पुन्हा तेच," म्हणत यंत्रवाला खुर्चीत मागे रेलला. पडद्यावर नुसता धुरकट गोळा. सकाळचे तीन तास पाण्यात गेले होते.

सुईकाका दारापाशी उभे होते. खरं नाव वेगळं, पण प्रयोगशाळेत ते कुणाला आठवत नसे. बावीस वर्षं काम एकच: मोहरीहून बारीक जीवाश्म सुईच्या टोकावर चिकटवायचे. सुई यंत्रात हळूहळू फिरते, क्ष-किरण आरपार जातात आणि दगड न फोडता त्याच्या पोटातलं दिसतं. दाणा मात्र केसभरही हलता कामा नये. हलला की मुसळ केरात.

आजचा दाणा म्हणजे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचं अंडं. आत जीव घडत होता की नुसतीच माती, हे आज कळायचं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी या यंत्रासाठी दीड वर्ष वाट पाहिली होती आणि पदरात पडला होता एक दिवस. संध्याकाळी सहाला पुढचे लोक येणार होते.

बाई यंत्रवाल्यावर घसरल्या. यंत्र आधी तपासता येत नव्हतं का, झोपा काढत होता का, असं बरंच बोलल्या. बिचारा खालमानेनं यंत्र खोलायला निघाला. एकदा खोललं की दिवस गेलाच.

 चूक काकांच्या खिशात होती.

इथे दाणे नेलपॉलिशनं चिकटवतात. हसू नका, काम चोख होतं. तीन वर्षांपूर्वी एकदा कपाटातलं संपलं, म्हणून काकांनी घरून बायकोची लाल बाटली आणली. तिला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. पुढे नव्या बाटल्या आल्या, तरी काकांनी लाल सोडली नाही. सुट्टीच्या दुपारी खिडकीत बसून ती नखं रंगवायची, तेव्हा घरभर हाच वास असायचा. पॉलिश घट्ट झालं की ते ॲसिटोनचे दोन थेंब घालत. असं करता करता बाटलीत रंग तेवढा उरला, चिकटपणा गेला. काकांना ते कळत होतं. पण बाटली संपू द्यायला मन धजत नव्हतं.

"बाई, यंत्र खोलू नका. माझा दाणा हलतोय."

त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली.

"याचं पाणीच झालंय, काका. कपाटात नव्या बाटल्या आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

"ही घरची आहे."

 बाईंनी बाटली काकांच्या हातात परत दिली आणि यंत्रवाल्याला म्हणाल्या, "माझं चुकलं. जा, चहा पिऊन ये."

काकांनी नव्या पॉलिशनं दाणा बसवला.  साडेचारला चित्र आलं. अंड्याच्या आत एक इवलासा जीव अंगाचं मुटकुळं करून पडला होता, सगळ्या वळ्यांसकट. बाईंनी हाताला धरून काकांना पुढे बसवलं. बावीस वर्षं दाणे वरून पाहणाऱ्या माणसानं आज आतलं पाहिलं, आणि त्याला सगळ्यात आधी वाटलं ते हेच, की हे तिला सांगायला हवं.

घरी आल्यावर त्यांनी कुलूप उघडलं, दिवा लावला. सांगायला कोणी नव्हतं. आरशाखालच्या फळीवर तिचा कंगवा होता. बाटली त्याच्याशेजारी ठेवण्याआधी एकदा वास घ्यावा म्हणून त्यांनी झाकण फिरवून पाहिलं. ते घट्ट बसलं होतं. सवयीनं हात फळीवरच्या तिच्या ॲसिटोनच्या शिशीकडे गेला.

मग त्यांनी तो मागे घेतला, आणि बाटली तशीच ठेवली.